कोणी देखं?

आबांना रस्त्यात कोणी नमस्कार केला, तर ते आधी मागे वळून बघत. मागे दुसरं कोणी नाही, नमस्कार आपल्यालाच आहे, अशी खात्री झाली की मग हात जोडत. आणि जोडलेले हात खाली येण्याआधी विचारत, "काय काम होतं?" धुळ्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाल्यावर ही खोड जाईल असं अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं होतं. ती वाढली.

मी त्यांच्या घरी भाड्याने राहत होते. पुढच्या ओट्यालगतची खोली माझी. मी शिंदखेड्याची, नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. खोली देताना आबांनी माझ्या गावी माणूस पाठवून मी खरंच तिथली आहे का, हे विचारून घेतलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की मीही या घराबद्दल सगळ्या गल्लीत चौकशी करूनच आले होते. आमचं जमलं ते बहुधा यामुळेच.

त्यांचा धंदा कापसाचा, आडत. गाडी दारात आली की ते वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघतसुद्धा नसत. बाही सारून हात कोपरापर्यंत आत खुपसत, खालचा मूठभर ओढून काढत, दाबून बघत, नाकाला लावत. "वरना कापूस कोणीबी दखाडस. पोटमा काय शे ते देखनं पडस," असं म्हणत. ओला कापूस बरोबर सापडायचा. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हात असाच कोपरापर्यंत जायचा, आणि माणसं काही कापूस नव्हेत, ती दुखावत. कोणी काही बातमी आणली की आबांचा एकच सवाल, "कोणी देखं?" ऐकलेलं त्यांना चालत नसे. पाहिलेला माणूस समोर उभा करावा लागे.

या सवालाने घरातलं मोठं नुकसान केलं होतं. मुलगा एकच, यशवंत. यशा म्हणायचे. मॅट्रिक झाल्यावर तो नोकरीच्या मुलाखतीला जळगावला जाऊन आला, आणि आबांनी तो खरंच तिथे गेला होता का हे बघायला मागून माणूस धाडला. पोराला ते कळलं. ओट्यावर उभा राहून तो म्हणाला, "आबा, तुम्ही देवालासुद्धा हात घालून बघाल." त्यानंतर आठवडाभरात भुसावळला जाऊन तो लष्करात भरती झाला. लढाई सुरू झाल्यावर त्याला मिसर देशाकडे नेलं. अक्का तेव्हापासून आबांशी कामापुरतं बोलत. आबा त्याचं नाव काढत नसत, पण पोस्टमनच्या चपलांचा आवाज त्यांना गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा.

लढाईचं दुसरं वर्ष असेल. गव्हर्नरसाहेबांचा दौरा धुळ्याला ठरला. युद्धाच्या मदतीसाठी सभा, नगरपालिकेचं मानपत्र, कमानी, सगळा थाट. दुसरीकडे आमच्या गावात दगडूभाऊ होते, राष्ट्रीय शाळेचे मास्तर, खादीधारी, आवाज घणासारखा. आम्हाला न विचारता आमच्या नावाने लढाई जाहीर केली, तिला माणूस द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, हे ते चौकाचौकांत सांगत फिरत. साहेबाच्या मोटारीपुढे काळी निशाणं धरायची असं त्यांचं ठरलेलं होतं. नगराध्यक्ष कोणत्या बाजूचा, हे मात्र गावाला कळेना.

त्या सुमारास मामलेदार आमच्या ओट्यावर आले. घाटाखालचे होते, नुकतेच बदलून आलेले. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. दौऱ्याचा वार सोमवार धरलाय, त्या दिवशी गावात काही सण-उत्सव नाही ना, असं त्यांनी विचारलं. आबांनी पंचांग मागवलं, चष्मा पुसला, बोट फिरवलं.

"नागपंचमी आदल्या आठवड्यात होऊन जाते. सोमवार श्रावणी आहे, पण तो काय दर आठवड्याला आहेच," ते म्हणाले. "पंचांगात दुसरं काही नाही."

माझा हात वहीवर थबकला. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, आणि सोमवारी सकाळी बायका तिला पाटावर, डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. हे कुठल्या पंचांगात छापत नाहीत. छापायची गरज कोणाला? आमच्याकडचं शेंबडं पोरही ते जाणतं. आबा विसरले? मी तोंड उघडणार तोच दारातून अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मामलेदार उठताना हळूच म्हणाले, "मुलाचं साहेबांच्या कानावर घातलंय. दौरा नीट पार पडू द्या, त्याला लढाईवरून इथे जवळ, देवळालीच्या लष्करी डेपोत आणून बसवू." मी मनात म्हटलं, असं आहे तर. मामलेदार गेल्यावर अक्का एवढंच बोलल्या, "बाई, तू काय ऐकं नई."

मी कोणाला सांगितलं नाही, पण गावाला सांगावं लागलंच नाही. सोमवारचा दौरा जाहीर झाला आणि जो तो म्हणू लागला, आबाने कानबाई विकली. आता साहेबाच्या मोटारीसाठी मिरवणूक बंद होणार, बदल्यात पोरगा घरी येणार, असा ज्याचा त्याचा तर्क. मलाही तसंच वाटत होतं. अक्कांकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका गल्ली बदलून जाऊ लागल्या. दगडूभाऊ स्वतः येऊन म्हणाले, "आबा, आमच्या बाजूने एक शब्द बोला. गाव तुमच्यामागे येईल."

"तुमच्या सभेत कोण कोण बसतं?" आबांनी विचारलं.

"आपलीच माणसं."

"कोणी देखं? त्यातला एकजण फौजदाराकडे जेवत नाही कशावरून?"

दगडूभाऊ संतापून निघून गेले. ते ओट्यावरून उतरताना म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते भाऊबंदांचं वागणं. कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, सगळ्या भावकीचे गहू एकत्र दळतात आणि ते रोट फक्त भावकीनेच खायचे असतात. आबांचं घर थोरलं, म्हणून दरवर्षी गहू त्यांच्याकडे जमत. त्या वर्षी कोणी आलं नाही. आबा पाटापुढे बसून वाट बघत राहिले. मग अक्कांनी सूप पुढे सरकवलं. आबांनी आपल्या नावाची सव्वा मूठ घातली. मग थांबून यशाच्या नावाची घातली, आणि ती घालताना मूठ इतकी गच्च आवळली की बोटांची पेरं पांढरी पडली. "बठ्ठा गाव मन्हावर थुकी राहिना," ते अक्कांना म्हणाले. अक्का म्हणाल्या, "थुकू द्या." लष्करात गेल्यापासून यशाबद्दल दोघांत झालेलं तेवढंच बोलणं मी ऐकलं, आणि त्यात त्याचं नावही नव्हतं.

शनिवारी दगडूभाऊ आणि त्यांची सगळी माणसं धरली गेली. काळी निशाणं कुठे लपवली आहेत ते पोलिसांना बरोबर ठाऊक होतं. म्हणजे सभेत फौजदाराकडे जेवणारा होताच. रविवारी घरोघर कानबाई बसली, ढोल वाजू लागले, आणि मामलेदार धावत आले. चेहरा उतरलेला. उद्या सकाळी नदीचा रस्ता आणि मोटारीचा रस्ता एकच होतो, हे त्यांना कोणा शिपायाने सांगितलं होतं. तोवर जो तो धरून चालला होता की त्यांना ते ठाऊकच असणार.

"मिरवणूक थांबवा, आबासाहेब!"

"नगराध्यक्षाला गटार थांबवता येतं. देवी कशी थांबवणार?"

"पण तुम्ही पंचांग पाहून सांगितलं होतं!"

"पंचांगात आहे का? दाखवा," आबा म्हणाले. "आणि सरकार कोणाच्या धर्मात हात घालत नाही, हे सरकारच सांगतं. की तेही खोटं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा स्वतःचा मला राग आला आणि हसूही आलं. त्या माणसाने बेत कोणालाच सांगितला नव्हता, कारण कोणावर विश्वासच नव्हता. आणि विश्वास नव्हता म्हणूनच बेत फुटला नव्हता.

सोमवारी सकाळी मी अक्कांच्या शेजारून चालत होते. त्यांच्या डोक्यावर कानबाई, नाकात नथ घातलेली, हिरव्या लुगड्यात सजवलेली. प्रत्येक गल्लीतून एक एक पाट येऊन मिळत होता. आग्रा रोडला लागेपर्यंत बायकांनी रस्ता भरून गेला. आबांनी स्टेशनवर हार घेऊन उभं राहायचं होतं. ते उपाध्यक्षांवर सोपवून, लाल पगडी आणि लांब कोट अशा मानपत्राच्याच वेषात, ते आमच्या पुढे येऊन चालू लागले. बायका कुजबुजू लागल्या, हा इथे कशाला? थांबवायला आला असेल.

कमानीपाशी मोटार समोर आली आणि थांबली. पोलीस पुढे झाले, पण हात कोणाला लावणार? कानबाई नदीच्या आधी खाली टेकवत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं; त्यांच्या घरच्या बायकाही याच गर्दीत डोक्यावर पाट घेऊन होत्या. ढोल थांबला. आणि अक्का, ज्या कधी दारात उभ्या राहूनही मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्यांनी गाणं उचललं, "कानबाई माय वं, मन्हा पोऱ्या घर येऊ दे." जुनं गाणं नव्हतं ते. त्यांनी तिथेच रचलं. मागच्या ओळीने ते झेललं, मग त्या मागच्या ओळीने. दगडूभाऊंची बायको रडत रडत गात होती. कोणाचा पोरगा लढाईवर, कोणाचा तुरुंगात, पण मागणं एकच होतं.

आबा मोटारीजवळ गेले. आधी मागे वळून पाहिलं, तीच खोड. मग हात जोडले आणि सावकाश बोलले, "साहेब, मानपत्र मंडपात वाचतील, ते नगरपालिकेचं. गावाचं म्हणणं हे आहे. आम्हाला न विचारता आमच्या नावाने लढाई जाहीर केलीत. तिला आमची पोरं द्यायला गाव राजी नाही. हे बोलले म्हणून जे धरले, ते माझ्या गावचे आहेत. त्यांना सोडा."

मामलेदारांनी वाकून साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबाने प्रसन्न हसून टोपी उचलली.

आबा माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, काय बोलना हाऊ?"

"शहर तुमचं प्रेमाने स्वागत करतं, असं सांगितलं यांनी."

"मंग तू सांग."

नोकरी जाणार हे मला दिसत होतं. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण मी ते सगळं सांगितलं, पोरांचंही आणि धरलेल्यांचंही. साहेबाची टोपी हळूच खाली आली. मोटार मागे फिरवून दुसऱ्या रस्त्याने नेली. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीत, जिथे माझ्या एका शब्दावर त्यांचं सगळं अवलंबून होतं, तिथे आबांनी मला काय सांगितलंस असं विचारलं नाही. इंग्रजी येणारा एक वकील बाजूला उभा होता, त्यालाही विचारलं नाही. आयुष्यात मला अनेक शाबासक्या मिळाल्या, पण एवढी मोठी नाही.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. अध्यक्षपद गेलं, आबांना सजा झाली. माझी नोकरी गेली आणि मी चोपड्याला एका खाजगी शाळेत लागले. निघण्याआधी तुरुंगात भेटायला गेले, तेव्हा मनात खुपत होतं ते विचारून टाकलं. "आबा, मामलेदारांचा शब्द खरा असता तर? यशा घरी आला असता."

त्यांनी समोरचा गज मुठीत धरला. "आला असता. आन् त्याना जागावर दुसरा कोणाना तरी पोऱ्या जाता." मग गज सोडून म्हणाले, "आन् खरा व्हता की खोटा, कोणी देखं?" तो सवाल त्यांनी स्वतःला विचारलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

ते सुटून आले त्या हिवाळ्यात तार आली. यशवंत बेपत्ता, मृत समजावे. दगडूभाऊ, भाऊबंद, सगळी गल्ली ओट्यावर जमली. आता कोणी आबांवर रागावलेलं नव्हतं. आबांनी तार ऐकली आणि विचारलं, "कोणी देखं?" लोकांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झाले. पुढच्या श्रावणात भावकीचे गहू पुन्हा त्यांच्या घरी जमले, तेव्हा त्यांनी आपल्या नावाची सव्वा मूठ घातली आणि मग यशाच्या नावाची. एक भाऊबंद पुटपुटला, गेलेल्याचे गहू घालत नाहीत. आबांनी सूप दळणाकडे सरकवलं. पुढची प्रत्येक कानबाई तशीच झाली. लढाई संपली, माणसं परतली, यशा आला नाही, मूठ पडतच राहिली. ज्या पोराचं साधं जळगावला जाणं त्यांनी खरं धरलं नव्हतं, त्याचं मरणही त्यांनी खरं धरलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, उन्हाळ्यातच आबा वारले. मी श्रावणात धुळ्याला गेले ती नेमकी रोटांच्या दळणाच्या दिवशी. आता गहू पुतण्या मोजत होता. त्याने आबांची मूठ घातली नाही. ती घालायची नसतेच. तो सूप उचलू लागला, तोच अक्कांनी त्याचा हात धरला. "यशानी मूठ राहिनी," त्या म्हणाल्या.

पुतण्या समजुतीने बोलला. काकू, आता पुरे. आबा होते तोवर ठीक. मीही अक्कांच्या पाठीवर हात ठेवला.

अक्कांनी लुगड्याचा पदर सारखा केला, गव्हात हात घातला, अगदी कोपरापर्यंत, आणि मूठ भरून वर काढली.

"आबा मन्हा डोयासामने ग्यात," त्या म्हणाल्या. "पोऱ्याले कोणी देखं?"