चुलीचा देव माझ्या ओट्यावरून गेला

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी देवघराची दारं लावली, ती तीन महिने उघडली नाहीत. आमचं देवघर म्हणजे इथे परदेशी, पुंगोलच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी टांगलेलं लाकडी कपाट. दोन छोटी दारं, पितळेची कडी. कडी इतक्या जोरात लावली की आतली घंटा आपणहून एकदा वाजली. मी म्हटलं, “वाजवा, आता तुमची तुम्हीच वाजवा.” देवाशी असं बोलू नये हे मला कळतं. पण मी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत पंधरा वर्षं खाष्ट सासवा रंगवल्या आहेत. माझा राग तीन अंकी असतो आणि मध्यंतरात चहा मिळत नाही. हा अनुभव लिहितानाही तो पुरता निवलेला नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

रागाचं कारण होतं मासा. आमचं घर शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा बाहेर उभ्याने खायचा. एकुलती एक मुलगी इरा मात्र इथेच वाढलेली, तांजोंग पगारला बँकेत नोकरी करणारी. ती बाहेर मासे खाते हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. अशा तहावर आमचं घर छान चाललं होतं. त्या दिवशी मी नाटकाच्या तालमीहून परत आले आणि लिफ्टचं दार उघडताच वास आला. माझ्या शेगडीवर, माझ्या कढईत, पापलेट तळून झाले होते. कढई तरी कोणती? माझी आई जिच्यात दर दिवाळीला चकल्या तळायची ती. पुण्याहून येताना विमानात मी ती मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी तिच्यातच चकल्या पडायच्या होत्या. इरा ओठ पुसत इथल्या ढंगात म्हणाली, “रिलॅक्स ला, आई! घासून देते ना. आणि तुझ्या विष्णूचा पहिला अवतार मासाच ना?”

त्या वाक्यानंतर मी काय केलं ते इमारतीतल्या बऱ्याच लोकांना माहीत आहे. तेलाने निथळती कढई उचलली, लिफ्टपाशी गेले, कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या शूटचं झाकण उघडलं आणि तिला आत ढकललं. अकरावा मजला. एकेका मजल्यावर आपटत, घणघणत माझ्या आईची कढई खाली गेली. मग घरात येऊन मी इराला एक वाक्य म्हटलं. ते पुढे येईलच, इथे लिहायला हात धजत नाही. ती एक बॅग भरून निघून गेली. आमचे हे तेवढ्यात ऑफिसातून आले. म्हणाले, “अगं, तुझा आवाज खाली एलआरटी स्टेशनपर्यंत येतोय.” मी त्यांच्यावरही दार आपटलं.

पुढचे तीन महिने मी सगळ्यांवर रागावलेली होते. इरा ऑफिसजवळ खोली घेऊन राहिली. ह्यांचं ऑफिसही तांजोंग पगारलाच, त्यामुळे हे दर बुधवारी तिच्याबरोबर हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर जेवायचे आणि घरी येऊन चोरासारखे सांगायचे, “इरा बारीक झालीय.” मी म्हणायची, “मग घाला मासे.” सर्वांत जास्त राग देवावर होता. इतक्या वर्षांचे उपास, चतुर्थ्या, नैवेद्य, आणि हे फळ? माझं म्हणणं साधं होतं. तिला बुद्धी देणं हे त्याचं काम, ते त्याने केलेलं नाही, तेव्हा मीही माझं करणार नाही. मग एका बुधवारी हे चष्मा पुसत म्हणाले, “तिची सिडनीला बदली झालीय. निदान दोन वर्षं. येत्या रविवारी सकाळची फ्लाइट.” मी म्हटलं, “मग मी काय करू, औक्षण?” रविवार चार दिवसांवर होता. ती फोन करणार नव्हती, मी करणार नव्हते, आणि ज्याने मध्ये पडायचं त्याला मी कपाटात कोंडलं होतं.

आता होआची ओळख करून देते. ती आमची शेजारीण, उत्तर व्हिएतनाममधल्या एका खेड्यातली. नवरा इथला, बस चालवतो, आणि म्हातारी सासू घरात. होआ मला ‘ची’ म्हणते. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. आमचं बोलणं तुटक इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालतं, पण ती गोष्ट सांगायला लागली की मी माझी सगळी कामं विसरते. आदल्याच आठवड्यात तिने मला त्यांच्या चुलीच्या देवाची गोष्ट सांगितली होती. देव एक नाही, तिघं आहेत. एक बाई आणि तिचे दोन नवरे! मी लगेच स्टूल ओढून बसले.

तर, एक तापट नवरा होता. रागाच्या भरात त्याने बायकोला घालवून दिलं. ती दूर गेली, तिला दुसरा भला माणूस भेटला, संसार मांडला. इकडे पहिल्याला पश्चात्ताप झाला. तिला शोधत शोधत तो भिकारी झाला आणि एके दिवशी नेमका तिच्याच दारात भीक मागायला उभा राहिला. तिने ओळखलं, जेवू घातलं. तेवढ्यात दुसरा नवरा येताना दिसला म्हणून तिने ह्याला पेंढ्याच्या ढिगात लपवलं. दुसऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. शेताला राख हवी म्हणून त्याने पेंढा पेटवून दिला. आतला माणूस हाकसुद्धा मारेना. मारली तर तिचा संसार मोडला असता. मग तिनेच त्या आगीत उडी घेतली, आणि का ते न कळताच तिच्यामागे दुसऱ्या नवऱ्यानेही. स्वर्गाच्या राजाने त्या तिघांचे चुलीचे तीन दगड केले. वर्षभर घरात काय शिजतं, कोण काय बोलतं, ते हे तिघं ऐकतात आणि चांद्रवर्ष संपायच्या आठवडाभर आधी, शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला, माशावर बसून वर जाऊन सांगतात. त्यांच्यासाठी कागदी टोप्या, झगे, बूट ठेवायचे आणि मग जाळून त्यांच्याकडे पोचवायचे. फक्त विजार नसते. “आगीतून घाईत निघाले ना!” असं म्हणून होआ पोट धरून हसली होती. मीही हसले. घरी आल्यावर त्या तापट नवऱ्याचा उगाच राग येत राहिला.

शुक्रवारी ती तेविसावी तिथी होती. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, चिनी नववर्षाचे लाल कंदील लागले होते. अकराच्या सुमाराला दार बडवल्याचा आवाज आला. होआ. एका हातात तबक, दुसऱ्यात निळी बादली. सासू बाथरूममध्ये पडली होती, अँब्युलन्सची माणसं तिला लिफ्टकडे नेत होती. “ची, यांना पाठव! बाराच्या आत! बाराला वरचं दार बंद!” मी बादलीत डोकावले. सोनेरी, वीतभर लांब, जिवंत मासा. “होआ, माझ्या घरात मासा नाही येणार.” “खायचा नाही, ची. घोडा आहे तो!” “पण तुझा देव माझ्या ओट्यावरून कसा जाईल?” ती लिफ्टमध्ये शिरता शिरता ओरडली, “सगळ्या चुलींचा तोच! तुझ्या भाषेत बोल. वर्षभर काय झालं ते सांग. खोटं नको!” आणि दार बंद झालं.

मी बादली उंबऱ्याबाहेरच ठेवून दहा मिनिटं फणफणत होते. मग वाटलं, बिचारीची सासू पडलीय आणि मी सोवळं कसलं मिरवतेय. तबक ओट्यावर मांडलं. लालसर चिकट भात, मुगाची गोड खीर, तीन चिमुकल्या कागदी टोप्या, बाजूच्या दोन्हींना पंख, मधली बाईची बिनपंखांची. बादली शेगडीखाली ठेवली. उदबत्त्या लावल्या आणि नाटकवालीच मी, दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले. प्रेक्षकांत एक मासा.

“ऐका,” मी म्हटलं, “लिहून घ्या.” आणि तीन महिन्यांचं सगळं बाहेर आलं. मुलगी उद्धट आहे म्हणून सांगा. बाप मऊ मेणाचा आहे. कपाटातले आमचे महाराज नुसते नैवेद्य खातात. मी राबते आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्या शब्दाला किंमत नाही. आवाज चढत गेला, हातवारे झाले, एक टोपी हवेने कलंडली ती सरळ केली. मग कढईचा प्रसंग आला. तो मी पुरा वठवला, इराच्या आवाजासकट. आणि मग माझं वाक्य आलं. होआने खोटं नको म्हणून बजावलं होतं. शिवाय हे तिघं तिथेच होते, याच शेगडीपाशी, त्यांनी ते ऐकलं होतं. मी म्हटलं, “मग मी तिला म्हटलं, तुझ्यापेक्षा मला मूल झालं नसतं तरी चाललं असतं.”

हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. हे समजत होते की भांडण माशावरून झालं. स्वयंपाकघरात उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. तो पेंढ्यातला माणूस मला आठवला. त्याने अखेर तोंड मिटून घेतलं, पण तोवर उशीर झालेला होता.

तेवढ्यात माशाने उडी मारली. थाडकन फरशीवर पडला, दोनदा उसळला आणि वॉशिंग मशीनच्या दिशेने घसरत गेला. मी किंचाळले. आयुष्यात मी माशाला हात लावलेला नाही. पकडायला वाकले तर हातातून सटकला, शेपटीचा फटका मनगटावर बसला. त्याचं तोंड उघडमीट करत होतं. मी फोन उचलला आणि विचार न करता पहिलंच नाव दाबलं.

“आई?”

“इरा, मासा! मासा खाली पडलाय!”

“व्हॉट? कोणाचा मासा?”

“देवाचा! मरेल गं तो!”

मग लहानपणी मी तिला तापात ज्या आवाजात समजवायची, त्याच आवाजात ती म्हणाली, “आई, ऐक. आधी हात ओले कर. एक स्वच्छ कापड भिजव. त्याच्या डोळ्यांवर टाक, शांत होईल. मग दोन्ही हातांनी खालून उचल. दाबू नको.”

स्वच्छ कापड! ओट्यावरचं फडकं तेलकट होतं. हाताशी होतं ते कपाट. मी कडी काढली. देव होते तिथेच होते, जरा धुळीत. त्यांच्यापुढे घडी घातलेलं पांढरं वस्त्र होतं, स्नानानंतर त्यांना पुसायचं. ते नळाखाली धरलं, गुडघ्यांवर बसले आणि माशावर टाकलं. तो खरंच शांत झाला. दोन्ही हातांत घेतला तेव्हा तळव्याला काहीतरी धडधडत होतं. माशाचं की माझं, सांगता येत नाही. बादलीत सोडला तर एका कुशीवर तरंगायला लागला. “कलंडलाय गं!” मी रडायलाच लागले. इरा म्हणाली, “हाताने पाणी हलव. हळू. थांबू नकोस.” मी हलवत राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. मग तो सरळ झाला आणि शेपूट हलवून तळाशी गेला.

“आई,” इराने विचारलं, “तू माशाला हात लावलास?”

“लावला,” मी म्हटलं. “इरा, मी त्या दिवशी जे बोलले ते...”

“मी निघते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाराला पाच मिनिटं होती. मी ओट्यापुढे उभी राहिले. मघाची यादी मागे घ्यावी, वाक्यं बदलावीत असं फार वाटलं. पण जे ऐकलं ते ऐकलंच होतं त्यांनी. म्हटलं, “जसं झालं तसं सांगा. माझ्या बाजूने बोलू नका.” आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही सुचवलं नाही. मग टोप्या घेऊन खाली गेले आणि नववर्षासाठी ठेवलेल्या लोखंडी पिंपात त्या जाळल्या.

इरा साडेबाराला आली. सुट्टी घेऊन खोलीत बॅगा भरत होती म्हणे. आल्या आल्या तिने पिशवीतून काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. आईची कढई. एक कान वाकलेला, बुडाला पोचा. त्या संध्याकाळी ती बॅग घेऊन खाली उतरली तेव्हा सफाईवाले काका शूटच्या खोलीबाहेर ही कढई हातात घेऊन उभे होते. बांगलादेशातले असावेत. एवढ्या चांगल्या वस्तूचं काय करावं त्यांना कळेना. इराला पाहून म्हणाले, “ये किसी की माँ का होगा.” मी त्यांना अजून शोधते आहे. त्यांची दुसऱ्या इमारतीत बदली झाली असं कळलं.

“सिडनीला नेणार होते,” इरा म्हणाली. “तुला न सांगता. सॉरी ला.” मग तिने ओट्यावरचा भात पाहिला आणि म्हणाली, “हा खाऊ शकतो ना?” आम्ही दोघींनी तो उभ्यानेच खाल्ला. जे बोलायचं ते मी बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात एकही टाळीचं वाक्य नव्हतं. मासे तळ्यात सोडायला इथे मनाई आहे, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी बादली धरून शोभेच्या माशांच्या दुकानातल्या अंकलकडे गेलो आणि होआच्या दर वर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे तो मासा त्यांच्या टाकीत परत सोडला. सासूबाईंचा नुसता घोटा मुरगळला होता. रात्री होआला विचारलं, “गेले असतील ना गं वेळेत?” ती म्हणाली, “गेले असणार. घाईत असतात ते, पॅन्टसुद्धा घालत नाहीत.”

हा योगायोग होता की कृपा, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की मी दार लावून बसले होते आणि जो यायचा तो शेजारणीच्या बादलीतून आला, मला नको असलेल्या रूपात. इतकी वर्षं मी देवासमोर बसून त्याला कामं सांगत होते. त्या दिवशी ओल्या हातांत एक घाबरलेला जीव होता आणि त्याला दाबून चालणार नव्हतं, सोडून चालणार नव्हतं. तसं धरायला मला पन्नाशी उलटल्यावर शिकवलं गेलं, हे माझं भाग्य.

रविवारी इरा गेली. कढई तिच्या बॅगेतच दिली मी, दोन साड्यांत गुंडाळून. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे शेगडीवर ती दिसली, वाकलेल्या कानाची. आत काहीतरी चरचरत होतं. ‘काय तळतेस?’ हा प्रश्न जिभेवर आला होता, राग अजून तिथेच राहायला असतो. मी शेगडीकडे पाहून मनात तिघांना नमस्कार केला आणि विचारलं, “नीट जेवतेस ना गं?”