धाकट्याच्या वतीनं

धाकट्या भावाच्या वतीनं सही करा म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला, तेव्हा मी पेन उघडूनच बसलो होतो. चौथीत शाळा सुटली, पण सही माझी झोकात आहे. धाकट्याची बायको गेली, पोरबाळ नाही. विसरायचा आजार झाल्यापासून तो माझ्याकडेच असतो. ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग जोडणारा माणूस, आता सदऱ्याची बटणं खालीवर लावतो.

बाई म्हणाल्या, औषध नवं आहे, अजून पारखणं चालू आहे. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली ते आम्हालाही कळत नाही. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो.

"मग हा इलाज आहे का सोडत?" मी विचारलं.

"इलाज नाही बाबा, अभ्यास आहे. पुढच्या पेशंटांना उपयोग होईल. आणि तुम्हाला काय वाटतं ते मी विचारत नाहीये. त्यांना स्वतःला समजत असतं, तर ते काय म्हणाले असते?"

घोडं इथंच पेंड खायला लागलं. धाकटा काय म्हणाला असता ते मला पक्कं ठाऊक आहे. मी म्हणेन त्याच्या उलट. मी कांदा लावला की त्याला टोमॅटो सुचायचा. ही पोरगी नको म्हणालो, तर त्यानं तिच्याशीच लग्न केलं. वर संसारही चांगला केला, ते अजून बोचतं. आता मी हो म्हणालो तर त्याचं नाही, मी नाही म्हणालो तर त्याचं हो. सही करायची ती कशाच्या भरवशावर?

शेवटी त्यालाच विचारलं. "घ्यायचं ना रे औषध?"

"नको."

बाईंनी कागद मागे घेतला. "नको म्हणतायत. मग विषय संपला."

"थांबा हो." मी परत त्याच्याकडे वळलो. "बरं, नको तर नको. नाहीच घ्यायचं."

"घ्यायचं," तो म्हणाला.

बाईंना हसू आलं, पण कागद काही त्यांनी दिला नाही. "तुम्ही जरा बाहेर बसा. मी विचारून बघते."

मी बाकड्यावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं बाई आल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, दादाला विचारा."

जन्मात त्यानं मला कधी काही विचारलं नाही. मग हे धाकटा बोलला का आजार बोलला? आजार बोलला असेल तर ते धरायचं कसं? आणि धाकटा बोलला असेल, तर इतकी वर्षं भांडला तो कोणाशी?

सही केली नाही. बाई म्हणाल्या, घाई नाही, सोमवारी या.

येताना मिसळीला थांबलो. म्हणालो, रस्सा तिखट आहे, तू नको घेऊ. त्यानं लगेच वाढणाऱ्यापुढे वाटी धरली आणि नाक गळेस्तोवर ओरपला. मी बघत राहिलो. हा तर सगळा तोच आहे. मग दादाला विचारा म्हणाला तो कोण? सोमवारी बाईंना काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.