डबलबेल मावशी

डबलबेल मावशींची गाडी दिसायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. हुपरीच्या स्टँडवर आम्ही कॉलेजची पोरंपोरी उभी असायचो आणि वळणापलीकडून हाक यायची, "चला, कोल्हापूर, कोल्हापूर! दारात थांबू नका, आत सरका की!" एस्टीच्या कंडक्टर, अंगानं भारदस्त, कपाळाला ठसठशीत कुंकू, खांद्याला पैशांची पिशवी. गाडी सोडताना वरच्या घंटीच्या दोरीला असे दोन हिसके द्यायच्या, की ड्रायव्हर बापूमामा दचकायचे. म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव डबलबेल. पिऊन आलेल्या गड्याला दंड धरून खाली उतरवताना मी त्यांना पाहिलं आहे. आणि हीच बाई भर गाडीत, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "मला भ्या वाटतंय."

आमच्या भागात असं कुणी बोलत नाही. आमच्याकडं माणूस एक वेळ चोरी कबूल करील, भीती नाही. मी अकरावीला कोल्हापूरच्या कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात मला गाडीत बसलं की काहीतरी व्हायला लागलं. छाती धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या, आता आपण मरणार असंच वाटायचं. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. आईनं चांदीच्या पैंजणांना घुंगरं लावायचं घरचं काम बाजूला ठेवून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. वडील पैंजण जोडता जोडता मान वर न करता म्हणाले, "माझी पोरगी हाईस आन् एस्टीला भितीस? लोक हसतील." त्यानंतर मी घरात हा विषय काढला नाही.

मी काय करायची, तर सकाळी डबा घेऊन निघायची आणि पट्टणकोडोलीला उतरायची. तिथल्या थांब्यावर दुपारपर्यंत बसायची आणि कॉलेज सुटायच्या सुमारास घरी परतायची. असे अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी मी उतरायला उठले तर मावशी दारात आडव्या उभ्या.

"पास कोल्हापूरचा आन् रोज उतरतीस हितं. पोरगं-बिरगं हाय काय कुठलं?"

मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, माझा हात हातात घेऊन बघितला. तो गार पडला होता. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "भ्या वाटतंय व्हय? मला बी वाटतं की. गर्दी झाली की जीव घाबरा हुतो माझा. माझ्याजवळ हुबी ऱ्हा जरा, मला बी बरं वाटंल."

एवढी मोठी बाई मला आधार मागत होती! मी उतरायची विसरले. गाडी सुटली.

दुसऱ्या दिवसापासून माझी जागा ठरली, पुढच्या दाराजवळ, दोरीखाली. मावशींनी मला सांगून ठेवलं होतं, "एक घंटी म्हंजी थांबा. तुला वाटंल तवा मार. गाडी थांबंल. बापूमामास्नी सांगितलंय मी." एस्टीच्या कुठल्या नियमात हे बसतं मला माहीत नाही. बसत नसणारच. पण ज्या गाडीत मी अडकून पडते असं मला वाटायचं, ती थांबवायची दोरी माझ्या डोक्यावर होती. त्यामुळं मी रोज एकेक गाव पुढं जाऊ लागले. आज वसगडे, दोन दिवसांनी गडमुडशिंगी. उतरायचं, थोडं थांबायचं आणि मागं यायचं.

ती घंटी मी एकदाच मारली. वसगड्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझा श्वासच अडकला. बापूमामांनी करकचून ब्रेक मारला. मागून आरडाओरडा सुरू झाला, कुणाला दवाखाना गाठायचा होता, कुणाला कोर्टाची तारीख. मावशी वळून गरजल्या, "माझ्या पोटात कळ आलीया! हाय काय कुणाचं काय म्हणणं?" आम्ही दोघी खाली उतरून बांधावर उभ्या राहिलो. तिथं त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं अनेक मुलांना सांगितलं आहे. "ह्या भ्याला उतरवायला जाऊ नगंस, पोरी. त्येच्याकडं पास हाय. बसू दे बाजूला. गाडी बापूमामा चालवत्यात, त्ये न्हाय चालवत." मला त्या अवस्थेतही हसू आलं. दोन-तीन मिनिटांत आम्ही वर चढलो. दिवाळीच्या आधी मी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मावशींनी काहीसुद्धा कौतुक केलं नाही. फक्त "डबा खा येळेवर" म्हणाल्या.

मी एकटीच अशी होते असं नाही. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या गाडीत एक कायदा असायचा. गाडी भरली की त्या पुढं उभ्या राहून जाहीर करायच्या, "बोर्डाची पोरं हाईत गाडीत. पेपर कसा जाणार, टक्के किती पडणार, कुणीबी इचारायचं न्हाय. इचारलं त्येला खाली उतरवणार." एकदा एका पाहुण्यानं शेजारच्या पोराला नव्वद पडतील का म्हणून विचारलंच. मावशी म्हणाल्या, "पावणं, तुमास्नी किती पडलं हुतं?" पावणं उचगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

मावशींना खरोखर कसली भीती वाटत असेल, हे मात्र माझ्या मनात कधी आलं नाही. एकदा डेपोत कामगारांची तपासणी होती, रक्त काढणार होते. मी स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होते, तर मावशी रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर खाली वाकून बसलेल्या दिसल्या. "सांगू नगंस कुणाला. सुई बघितली की पाय जात्यात माझं," म्हणाल्या. बाहेर ड्रायव्हर लोक हाका मारत, हसत फिरत होते. मलाही ती गंमतच वाटली. घरी जाऊन मी ती रंगवून सांगितली, वडील पोट धरून हसले.

बारावीनंतर मी कोल्हापुरातच होस्टेलवर राहिले, मानसशास्त्र घेतलं, आणि आता एका शाळेत समुपदेशक आहे. घाबरलेली मुलं माझ्याकडं पाठवतात. शिकत असताना एकदा मोठ्या तोऱ्यात मी मावशींना सांगितलं होतं की त्या जे करायच्या त्याला पुस्तकात नाव आहे, हळूहळू सामोरं नेणं म्हणतात, आणि आपणही घाबरतो असं मुलाला सांगणं ही एक चांगली युक्ती आहे. त्या तिकिटं काढायचं मशीन पुसत म्हणाल्या, "असंल बाई. मी काय शिकलोय?" युक्ती या शब्दाला त्या हसल्या नाहीत, हे मला आज आठवतं.

गेल्या वर्षी मला त्या स्टँडवर दिसल्या. ड्युटीवर नव्हत्या. साधं पातळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फाईल. अंगानं थोड्या उतरल्या होत्या. म्हणाल्या, "छातीत गाठ हाय म्हणं. सुई घालून तपासायची हाय. परवा बोलावलंय." मग माझा हात धरला. "मला लई भ्या वाटतंय गं. येतीस काय माझ्यासंगं?"

मी हसले. मला खरंच वाटलं, मावशी जुनाच खेळ खेळताहेत. मी म्हणाले, "मावशी, आता मी मोठी झाले. ही युक्ती आता माझ्यावर नाही चालायची."

त्यांनी माझा हात सोडला. मग त्याही हसल्या. "व्हय की. मोठी झालीस. बरं, बघ सवड मिळाली तर."

"येते, येते, फोन करते," असं म्हणून मी निघाले. मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं. मी फोन केला नाही.

बापूमामांनी मला सांगितलं तेव्हा मावशींना जाऊन वीस दिवस झाले होते. मी उचगावला त्यांच्या घरी गेले. नवरा कधीच वारलेला. मुलगी होती, माझ्याच वयाची. तिनं बसायला सतरंजी टाकली आणि सांगू लागली. "आईनं तीनदा तारीख बदलून घेतली बघा. आम्ही म्हणायचो चल की, तर म्हणायची, हुपरीची एक पोरगी येणार हाय माझ्यासंगं, ती आली की जाऊ. आम्ही हाय की, म्हटलं. तर म्हणाली, तुमी आधीच रडायला लागताय. त्या पोरीला भ्यालेल्या माणसाजवळ कसं बसायचं त्ये कळतं. शेवटी उचलून नेली तवा डॉक्टर म्हणालं, सहा महिनं आधी आणायला पायजे हुतं."

तिच्या बोलण्यात कुणावर राग नव्हता. तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "तुमी बी तिकडच्याच न्हवं? कोण ती पोरगी, ठावं हाय काय तुमास्नी?"

मी नाही म्हणाले.

तिनं चहा केला. मी तो प्यायले आणि निघून आले. रोज मुलांना सांगते, जे वाटतं ते बोलून टाकावं, त्यात लाज कसली. आणि माझ्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत. येत्या रविवारी मी उचगावला परत जाणार आहे. ती पोरगी मीच, एवढंच सांगायचं आहे. मला फार भीती वाटते आहे.