नकाशाला तीट

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा, शाळा दुसरीपर्यंत. आणि माझ्यासमोर एक पोरगी एक ओळ टाइप करून उभ्या गावाचा रंग बदलत होती. धुळ्याची ती. नाव कागदावर असेल, आमच्या गावात ती रंगवालीच.

गिरणेच्या काठाला, भडगावच्या अलीकडे आमचं गाव. जिथं उभं पीक, तिथूनच पाण्याची नवी सरकारी पाइपलाइन जाणार होती. म्हणून ती शेताशेताचं पीक विचारून लॅपटॉपात भरायची. पीक भरलं की तिनं लिहिलेला कोड नकाशावर त्या शेताला रंग द्यायचा. पहिल्या दिवशी कापूस निळा आला. मी म्हटलं, "निळा कापूस कोणी पाहिला, बाई?" ती म्हणाली, "मशीननं पाहिला, आबा. आपण त्याला शिकवू." बोटं चालली, कापूस पांढरा झाला.

चहा मागायला लाजायची, पण पीक विचारायला कधी नाही. "काय शे वावरमा?" आता आमच्याकडं भरल्या शेताचं कोणी तोंडानं सांगत नाही. नजर लागते. जो तो म्हणे, "काही नही, पडीक शे." शेवटी चावडीच्या भिंतीवर तिनं नकाशा दाखवला, तर गाव सगळं राखाडी. राखाडी म्हणजे पडीक.

ती चिडली नाही. म्हणाली, "बठ्ठा गाव पडीक शे, मग तुम्ही खातस काय?"

आमच्या शेजारची अक्का उठली. "नजर लागनी तं तू भरी देशी का?"

रंगवालीनं मान खाली घालून काहीतरी टाइप केलं. नकाशाच्या कोपऱ्यात काळा ठिपका उमटला. "लेकराले लावतस ना, तशी तीट. आते सांगा."

लोक हसले, मग सांगू लागले. एकेक शेत रंगत गेलं. त्या नकाशाची छापील प्रत अजून चावडीत आहे, तिटेसकट.

माझं शेत तेवढं राखाडी राहिलं. माझी केळी गावात सरस, म्हणून नजरेचं भयही मलाच जास्त. आणि पोरीच्या ठिपक्याला भुलणारा मी नव्हे.

निघताना ती म्हणाली, "आबा, सकाळच्या एसटीनं जाते, कचेरीत नकाशा द्यायचाय. पाइप तुमच्या बांधाशी येऊन वळेल बघा." माझी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बागेत गेलो. सगळ्यात भरल्या घडाची एक फणी कापली आणि एसटीच्या खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली.

"मी काही सांगितलं नाही," म्हटलं. "तू पाहिलंस."