आमचं चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं

लोक फिरून येतात आणि मग किस्से सांगतात. आमच्या घरात निघण्याआधीच इतके किस्से साचले, की जायची गरजच उरली नाही, असं हे म्हणायचे. हे म्हणजे आमचे यजमान. त्यांना म्हणायला काय जातं! गरज होती ती माझ्या सासूबाईंना.

सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणायचो. माहेर महागावकडचं, सासर दारव्ह्याचं, आणि या दोन गावांमधला रस्ता सोडला तर त्यांनी जग पाहिलं नव्हतं. त्यांची एक मामेबहीण कधीतरी पावसाळ्यात चिखलदऱ्याला राहून आली होती. तिने सांगितलं, तिथे ढग स्वयंपाकघराच्या दारातून आत येतो आणि पुढच्या दारातून निघून जातो. एकदा जेवण वाढता वाढता आई अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाल्या, "मले एकदा तो घरात आलेला ढग पाहाचा हाये."

अप्पा म्हणाले, "जाऊ."

अप्पांचं हेच तर दुखणं होतं. ते कधी नाही म्हणायचे नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो. त्यातून घरात मोटार होती. एका ठेकेदाराची वापरलेली काळी मोटार अप्पांनी नुकतीच घेतली होती, त्यामुळे बेताला चाकंही लागली.

*

पहिला प्रश्न, कधी जायचं. अप्पांची कापसाची अडत, शिवाय शेती. दसऱ्यापासून होळीपर्यंत बाजारात कापूस, तेव्हा हलायचं नाही. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला साहेबलोकांची गर्दी, खोली मिळायची नाही. मृगाला पेरणी. श्रावणात निंदण, डवरणी. म्हणजे उरला पोळ्यानंतरचा काळ, पहाड अगदी रिकामे असतात तेव्हाचा. अप्पा खूश झाले. शांतता असेल, भाडं कमी लागेल.

मग त्यांनी पंचांग उघडलं. पोळा झाला की गणपती, गणपतीत महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, पुढे पितर, पितर संपले की घट बसले. महालक्ष्म्या गेल्या की पितर लागेपर्यंत काय तो एक आठवडा सापडला. त्यातही मंगळवार-बुधवारी उत्तरेला जायचं नाही, कारण दिशाशूल. आणि चिखलदरा कुठे? बरोब्बर उत्तरेला.

मी म्हटलं, "अप्पा, थोडं पश्चिमेकडूनच जाऊ न मग." त्यांनी त्यावर खरंच दोन दिवस विचार केला!

*

मग अप्पांना शंका आली की आमच्या वजनाने गाडी घाट चढेल की नाही. चढणार नसेल तर तिथे जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं. विचार चांगला होता. पण वजन कळायचं कसं? तर अडतीच्या काट्यावर. कापसाची गाठोडी तोलायच्या काट्यावर आधी हे बसले, मग मी बसले. भर बाजारात, नव्या सुनेला काट्यावर बसवलं. हमाल तोंड फिरवून हसत होते. आईंनी मात्र साफ नकार दिला. अप्पांनी त्यांचं वजन अंदाजाने धरलं आणि जरा जास्तच धरलं, त्यावरून आई आठ दिवस बोलल्या नाहीत.

आमच्या वजनाइतकी सरकीची पोती गाडीत भरली आणि ड्रायव्हर हरीभाऊला गावाबाहेरच्या टेकडीवर पाठवलं. गाडी मजेत चढली. वर थांबली, वारा खाल्ला, खाली आली. अप्पा समाधानाने म्हणाले, "झाली परीक्षा." पण तोवर पितर लागले होते. त्या वर्षी आमच्या घरातून हवा खाऊन आली ती फक्त सरकी.

*

पुढच्या वर्षी सामानाचा घोळ झाला. मोसम नाही म्हणजे तिथली दुकानं, हॉटेलं बंद असणार. म्हणून पीठ, डाळी, तेल घ्या. लाकडं ओली असणार, म्हणून वाळलेल्या गोवऱ्या घ्या. पाटा-वरवंटा घ्या, कारण आईंना दुसऱ्याच्या पाट्यावरची चटणी चालत नाही, असं अप्पांनीच ठरवलं. आईंना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी दुधाचं काय करायचं, यावर चर्चा आली आणि अप्पा गोठ्याकडे पाहू लागले.

हरीभाऊ राठोड बंजारा तांड्यावरचा माणूस. तो बराच वेळ गाडी पुसत ऐकत होता. आईंना तो याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच. अखेर त्याच्याने राहवेना. म्हणाला, "मालक, आमचे आजे बी सारं बिऱ्हाड संगं घेऊनच हिंडत. गाय बी नेत. पन त्याईच्यापाशी बैल होते."

अप्पांना ते पटलं. गाडीमागून एक बैलगाडी दोन दिवस आधी धाडावी का, असा विचार सुरू झाला. बैलगाडी घाटात कुठे मुक्काम करेल, हे ठरेपर्यंत घट बसले.

*

तिसऱ्या वर्षी अप्पा म्हणाले, आपण आंधळेपणाने निघालो आहोत, आधी कोणी पाहून आलं पाहिजे. म्हणून त्यांनी ह्यांना पाठवलं. एकट्याला! हे एस.टी.ने गेले, दोन दिवस राहिले, सर्दी घेऊन परत आले.

मी विचारलं, "कसं आहे?"

"ओलं," हे म्हणाले.

तीन वर्षांच्या तयारीनंतर एवढाच अहवाल आला. अप्पांनी मात्र तो गांभीर्याने घेतला. ओलं असेल तर रस्ता घसरडा. पाऊस पुरता उघडू द्यावा, म्हणजे सगळं स्वच्छ दिसेल. आई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "पाऊस उघडला म्हंजे ढग बी गेले. मंग तिथं जाऊन कायले बसू मी?" त्या दिवशी भाकरी थापताना त्यांचे डोळे भरून आले. मला धूर लागला म्हणाल्या. मला अप्पांचा इतका राग आला, की मी रात्री त्यांना भाजीत मीठच घातलं नाही. त्यांनी मुकाट खाल्ली. त्या माणसावर रागसुद्धा धड काढता यायचा नाही.

*

आता शेवटच्या वर्षाचं सांगते.

आमच्याकडे प्रस्थान ठेवायची रीत आहे. मुहूर्त आहे पण त्या वेळी निघणं जमत नाही, तर सुपारी, तांदूळ, एखादा कपडा यांचं गाठोडं करून जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग प्रवास सुरू झाला असं धरतात. पण एकदा प्रस्थान ठेवलं की ते परत घरी आणायचं नाही, तिथूनच पुढे निघायचं.

त्या वर्षी मुहूर्त निघाला सोमवारी सकाळी. गाडी तयार व्हायला गुरुवार उजाडणार होता. अप्पा म्हणाले, या वेळी कसर नको. गाठोड्याबरोबर माणूसही जाऊ द्या. म्हणून आईच उत्तरेकडच्या शेजारणीकडे, द्वारकाबाईंकडे, जाऊन राहिल्या. दोन लुगडी, सुपारी, तांदूळ घेऊन गेल्या. ही खबरदारी अप्पांनी स्वतः सुचवलेली, हे लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी हरीभाऊने सांगितलं, गाडीची पाण्याची टाकी गळते, आठ दिवस तरी लागतील. अप्पांनी शांतपणे पुढचं वर्ष धरलं आणि मला आईंना बोलवायला पाठवलं.

आई द्वारकाबाईंच्या ओसरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, "प्रस्थान माघारी आणत नाई. त्याईले सांग, त्याईनंच सांगतलं हाये."

मी परत जाऊन सांगितलं. अप्पा म्हणाले, तो नियम गाठोड्याला आहे, माणसाला नाही. मी पुन्हा गेले, तर ओसरी रिकामी. द्वारकाबाईंचा भाऊ चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, परतवाड्याला असायचा. दोघी अमरावतीच्या एस.टी.त बसून गेल्या होत्या. अप्पा बराच वेळ रस्त्यावर उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी मला विचारलं, आज स्वयंपाक कोण करणार? मी करणारच होते, पण त्यांना रात्रीपर्यंत उत्तर दिलं नाही.

पितर लागायच्या आदल्या दिवशी आई परत आल्या. लुगडी दमट, नाक लाल. ओसरीवर बसून पाणी प्यायल्या. अप्पा समोरच होते.

"काय पाह्यलं मंग?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई. नुसतं धुकं. हातभरावरचं दिसत नव्हतं."

अप्पांचा चेहरा उजळला. तेच तर सांगून राह्यलो होतो, म्हणाले. मोसम नसताना जाऊन फायदा काय?

आईंनी पेला खाली ठेवला.

"चार दिवस मले कोनी दिसलं नाई," त्या म्हणाल्या, "अन् मी कोनाले दिसली नाई. लय बरं वाटलं."