क्रिकेटच्या हिशेबाची सरासरी

आमच्या कॉलेजात बेसबॉल शिकवणारे सर मूळचे क्रिकेटवाले. बेळगावात दुसरं काय असणार! मुलींचा संघ उभा करा म्हणून वरून फर्मान आलं, तेव्हा त्यांनी ग्लोव्ह मागवले, मैदानावर फक्कीनं चौकोन आखला. बॅटिंगची सरासरी मात्र जन्मभर काढत आले तशीच काढली: धावा भागिले बाद झालेल्या वेळा.

त्या सरासरीत मी पहिली आले आणि माझी आत्येबहीण तळाला गेली.

मी कडोलीहून बसनं यायची, ती वडगावातनं. तिच्या घरी साड्यांचे माग. बॅटिंगला आधी मी, माझ्यामागून ती. पिचरनं चेंडू बाहेर टाकले की मला पहिला बेस फुकटात मिळायचा. मग ती जोरात हाणायची आणि मी पळत सुटायची, सगळे बेस फिरून परत यायची. धाव माझ्या नावावर. तिच्यामागं हाणणारं कुणीच नव्हतं, म्हणून ती बेसवरच उभी राहायची. कधी सर सांगायचे, नुसता चेंडू थोपव, हिला पुढं सरकू दे. ती थोपवायची, स्वतः बाद व्हायची आणि हसत परत यायची. तेही बाद होणं सरांनी इमानेइतबारे मोजलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मी त्या सरासरीवर विद्यापीठाच्या संघात गेले. "मला न्हायच येत गं," म्हणून तिनं ग्लोव्ह जमा केला.

शिबिरात प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर खरं गणित मांडलं. हिट, म्हणजे चेंडू हाणून सुखरूप बेस गाठला त्या वेळा, भागिले बॅटिंगच्या पाळ्या. फुकटात बेस मिळाला तर ती पाळी धरायची नाही. दुसरीला पुढं सरकवायला बाद झालात, तर तीही नाही. दहा पाळ्यांत तीन हिट म्हणजे पॉइंट तीनशे, आणि तेवढी जमली तरी फार झालं. आमचे सामनेच इतके थोडे, की सगळे तोंडपाठ होते. माझी सरासरी दीडशेच्या पुढं जाईना. तिची तीनशेच्या वर गेली. मला जेवण गेलं नाही.

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. "चुकलंच की गं माझं. पण लिस्ट गेली, आता बदलत न्हाईत. तू खेळून ये."

खोटं कशाला बोलू, फोन ठेवताना मला हायसं वाटलं. त्याचीच लाज जास्त वाटते.

परत आल्यावर थेट वडगावला गेले. ती मागापाशी उभी होती. त्या खडखडाटात मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तिनं माग बंद केला. ती चिडेल, बोल लावेल, अशी तयारी करूनच मी गेले होते. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परत सांग," ती म्हणाली.

परत सांगितलं. तिनं बोटांवर स्वतः मोजून बघितलं.

"म्हंजे मला खेळायला येत हुतं व्हय गं?"

"लई चांगलं येत हुतं, आक्का."

तिचा चेहरा असा काही फुलला, की माझ्यानं बघवेना. ती तशीच स्वयंपाकघराकडं पळाली.

"आई, ऐकलंस काय? मला येत हुतं!"