सासू कोमातून उठली तेव्हा

आमच्या आत्याचं इस्त्रीचं दुकान आहे. दुपारी दोनला इस्त्री शर्टावर आणि डोळे मालिकेवर, अशी तिची वीस वर्षांची पद्धत. मंगळवारी मालिकेतली सासू कोमातून उठली आणि पोस्टमनकाकांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. तोच शर्ट घालून काका संध्याकाळी लेकीच्या लग्नाची बोलणी करायला जाणार होते.

शर्ट बघून काका मटकन बसले.

"सासू उठली हो," आत्या म्हणाली.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"आमच्या वेळच्या मालिकांत माणूस कोमात गेला की दोन वर्षं हलायचा नाही. शिस्त होती! आता मी घालू काय?"

आत्याने शर्टावर आतोबांचा कोट चढवला. "एवढा काढू नका म्हणजे झालं."

"आणि उकडलं तर?"

"चक्कर येऊन पडा. पाठीवरच पडा."

संध्याकाळी व्याह्यांनी कोट काढायचा फारच आग्रह केला, तेव्हा घामाघूम काकांनी सगळं खरं सांगून टाकलं. मग विहीणबाई पुढे सरकल्या.

"म्हणजे सासू उठली? आमच्याकडे दुपारी लाइट नव्हती हो! बसा, पहिल्यापासून सांगा."